फर्निचर भिंतीला ठोकलेलं की मोकळं? तुमचे अनुभव लिहा

टेकडीवाली:
समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन लोक आलेत आणि सकाळपासून जुना फिक्स वॉर्डरोब फोडणं चाललंय. पहार घालून. प्लाय फाटल्याचा आवाज ऐकवत नाही अगदी. दार उघडं होतं म्हणून डोकावले तर कपाटामागे भिंतीचा मूळ पिस्ता रंग तसाच्या तसा, बरोब्बर कपाटाच्या मापाचा चौकोन. आणि एकदम माहेरचं शोकेस आठवलं. हॉलची अख्खी भिंत, बाबांनी हौसेने करून घेतलेलं. मधोमध टीव्हीचा खण, तेव्हाच्या डबा टीव्हीच्या मापाने खोल आणि अरुंद. पुढे चपटा टीव्ही आला तो काही त्यात मावेना, गेला समोरच्या भिंतीवर, सोफा फिरला आणि शोकेसकडे सगळ्यांची पाठ झाली. खणात मग शिवणाचं मशीन, ट्रॉफ्या, बंद पडलेला रेडिओ असं काय काय येऊन बसलं. पण त्याची एकही बिजागरी शेवटपर्यंत कुरकुरली नाही हेही खरं.

आता आमच्या नव्या घराची किल्ली हातात आलीय. अहो म्हणतायत सगळं एकदाच ठोकून मोकळे होऊ, रोज धूळ नको आणि सुतार नको. मला भीती वाटते की आज मुलं चार आणि सात वर्षांची आहेत म्हणून त्यांच्या मापाने जे करू ते दहा वर्षांनी कोण वापरणार. स्वयंपाकघर फिक्स यात वाद नाही. बाकीचं सांगा. विषयांतर चालेल, तसंही होणारच आहे.

आळशी_मुंगी:
बाथरूमच्या भिंतीला लागून वॉर्डरोब अजिबात नको. कपड्यांना कुबट वास यायचा, आधी वाटलं नीट वाळत नाहीत म्हणून, मग परत धुवा परत वाळवा. शेवटी मागची फळी काढली तर ६ एमएमचा प्लाय फुगून पोपडे सुटलेले आणि खालच्या कोपऱ्यात काळी बुरशी. पलीकडच्या नळाच्या जोडातून पाणी झिरपत होतं. मोकळं कपाट असतं तर वीतभर ओढून भिंत बघितली असती, इथे अख्खं सोडवावं लागलं. बाकी नंतर लिहिते मशीन ओरडतंय

झंगाट:
तुमच्याकडे मशीन ओरडतं, आमच्याकडे मशीनच चालत चालत बाथरूमबाहेर येतं. त्याला फिक्स करायची काही सोय?

रंधा:
मुंगीताई बरोबर बोलल्या. सुतारकाम हाच धंदा आहे म्हणून थोडं लिहितो. वॉर्डरोब बाहेरून २४ इंच खोल धरा. हँगरच १७-१८ इंच रुंद, त्यावर कपड्याची बाही, म्हणजे आत २१-२२ मिळायलाच पाहिजेत. सरकती दारं लावली तर दोन ट्रॅकमध्ये ३-४ इंच जातात, ते २४ मधून कापू नका, वरचे द्या. लोक जागा वाचवायला १८ इंची मागतात आणि मग शर्ट तिरके लटकतात. दुसरं, कुठल्याच घराच्या भिंती काटकोनात नसतात. फिक्समध्ये ती फट पट्टी मारून झाकता येते, मोकळ्या कपाटामागे दिसते, तिथे पालीचा संसार. ओलीची शंका असेल तिथे बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लायच, आणि लिपिंग म्हणजे कडेची पट्टी सगळ्या कडांना, मागच्या न दिसणाऱ्या कडांनासुद्धा, पाणी तिथूनच शिरतं. प्लास्टर झाल्या झाल्या फर्निचर ठोकू नका, भिंत वाळू द्या. कुठला स्विचबोर्ड कपाटामागे जात नाही ना तेवढं आधी बघा.

टेकडीवाली:
@रंधा दादा धन्यवाद, स्विचबोर्डचं तर डोक्यातच नव्हतं. संध्याकाळी टेप घेऊन जाते.

बिऱ्हाड_पाठीवर:
बदलीची नोकरी, त्यामुळे आमच्यात हा प्रश्नच नाही, सगळं मोकळं. पण मोकळं म्हणजे हलवता येतं असं कुणी धरू नका. तयार मिळणारी पार्टिकल बोर्डाची कपाटं पहिल्यांदा जोडली की छान, एकदा खोलून परत जोडलं की स्क्रू त्याच भोकात धरत नाही, भुसा पडतो नुसता. ते गोल कुलपासारखं फिरवायचं फिटिंग असतं ना तेही सैल होतं. दुसऱ्या बदलीनंतर आमचं कपाट एका बाजूला कललं, दार आपोआप उघडायचं, रात्री पाहुणे घाबरले होते. याउलट आजोबांची सागवानी कॉट, नट बोल्टची, चार माणसं लागतात उचलायला पण अजून तशीच. शिफ्टिंगवाले तिच्याकडे बघून आधी उसासा टाकतात

झंगाट:
आमचा सोफा दुकानात मोकळाच होता. घरी आल्यावर लिफ्टमध्ये फिक्स झाला.

अर्धवट_झोप:
😂😂 आमचा जिन्यात. शेवटी पाय काढले सोफ्याचे, मग दारातून उभा करून. एल शेपवाल्यांनो डावा उजवा नीट बघून घ्या, समोरून बघताना डावा की बसल्यावर डावा हे दुकानदाराला दोनदा विचारा.

बरं मुद्द्याचं. लहान मुलं आहेत म्हणालात म्हणून लिहितेय. मोकळी उंच कपाटं आणि ड्रॉवरवाली चेस्ट भिंतीला पट्टीने किंवा अँगलने बांधाच. पोरं ड्रॉवर उघडून पायऱ्या करतात आणि सगळे ड्रॉवर उघडे असले की वजन पुढे येऊन अख्खं धूड आडवं होतं. अमेरिकेत २०१६ मध्ये एका मोठ्या कंपनीला अशी सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत बोलवावी लागली, मुलं दगावली होती. २०२३ पासून तिथे स्थिरतेची चाचणी सक्तीची आहे, ड्रॉवर उघडे आणि वर मूल लोंबकळतंय असं धरून. माझी लेक दीड वर्षाची असताना एकदा तिसऱ्या ड्रॉवरवर उभी सापडली, हातात माझं काजळ. त्या दिवशीच भिंतीला भोकं पाडली.

गच्चीवरचा_वारा:
बापरे. पण मग भिंतीला बांधलं की ते मोकळं कसलं, फिक्सच झालं की

अर्धवट_झोप:
दोन स्क्रू काढले की सुटतं हो. फोडावं लागत नाही.

चष्मेवाला:
थोडं अवांतर. हे फिक्स किचनचं खूळ आलं कुठून तर फ्रँकफर्टहून. १९२६ मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी तिथल्या सरकारी घरांसाठी स्वयंपाकघर आखलं, जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर. रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये एवढ्याशा जागेत इतक्या लोकांचं जेवण होतं तर घरात का नाही, असा विचार. कुठे उभं राहिलं की कशाला हात पोचतो हे सगळं मोजून. अशी साधारण दहा हजार बसवली गेली. तक्रारही तेव्हाचीच, की यात दोन माणसं एकत्र काम करू शकत नाहीत आणि टेबल मावत नाही.

दुपारचं_ऊन:
१०० वर्षं होत आली तरी माझा नवरा अजून हेच कारण सांगतो, "दोघं मावत नाही."

आळशी_मुंगी:
हाहाहा ऊन!! फ्रेम करा हे.

उंबरठा:
हसू आलं खरं, पण मी जरा वेगळं लिहिते. आईबाबांच्या खोलीत पलंग आणि दोन्ही बाजूंची कपाटं एकसंध करून घेतलेली, मागे गादीची पॅनेल, वर लॉफ्ट, फारच सुरेख दिसायचं, येणारा प्रत्येक जण आधी ती खोली बघायचा. बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कळलं की पलंगाच्या दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहायलाच जागा नाही. त्यांना उठवायचं तर एकाने गादीवर गुडघे टेकायचे. उंचीही कमी, आणि गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत असं डॉक्टरांनी बजावलेलं. वॉकर फिरेना. पलंग सरकवावा म्हटलं तर तो भिंतीतच. हॉलमध्ये साधी लोखंडी कॉट आणून तिच्या पायांखाली ठोकळे ठेवले आणि बाबा तीन महिने हॉलमध्ये झोपले. तिकडून त्यांना सगळं घर दिसायचं म्हणून खूश होते तसे, कोण आलं कोण गेलं यावर बारीक लक्ष. आता नव्या घरात माझं एकच, झोपायची आणि बसायची वस्तू भिंतीला जोडायची नाही. कपाटं ठोका हवी तेवढी.

टेकडीवाली:
@उंबरठा अहोंना वाचून दाखवलं हे. गप्प झालेत. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांचे गुडघे आत्ताच कुरकुरतात.

खडू_फळा:
नव्या फर्निचरच्या वासाबद्दल कुणी लिहिलं नाही? आमचं सगळं फर्निचर एकदम केलं आणि आठवड्यात राहायला गेलो. डोळे चुरचुरायचे, कपाट उघडलं की घशात खवखव. बोर्ड चिकटवायला जे रेझिन वापरतात त्यातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू बाहेर पडतो. बोर्डावर ई१, ई० लिहिलेलं असतं ते त्याचंच, ई० मध्ये कमी. आतून कच्चा प्लाय उघडा ठेवू नका, आतही लॅमिनेट. आणि राहायला जायच्या आधी दारं ड्रॉवर सगळं उघडं टाकून वारा खेळू द्या. मोकळं फर्निचर एकेक करून येतं त्यामुळे एवढं जाणवत नाही असं मला वाटतं

रंधा:
खडूसाहेब आतून लॅमिनेट लावायला सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं आत कोण बघतंय.

दुपारचं_ऊन:
लॉफ्टबद्दल बोला ना कुणीतरी. आमच्याकडे घरभर लॉफ्ट आहेत आणि त्यात बॅगा आहेत, बॅगेत बॅगा, त्यात रिकामे खोके. मिक्सरचा खोका आहे, मिक्सर कधीच गेला.

गच्चीवरचा_वारा:
खोका ठेवायचा असतो, वॉरंटी 😌

बिऱ्हाड_पाठीवर:
खोके फेकू नका, मी घेऊन जातो. खरंच. बदली आलीय परत.

आळशी_मुंगी:
अरे बापरे परत? कुठे या वेळी? मुलांच्या शाळेचं काय

बिऱ्हाड_पाठीवर:
वर्ष संपल्यावर जाऊ. या वेळी कललेलं कपाट नेत नाहीये, तिथे गेल्यावर बघू.

टेकडीवाली:
टेप घेऊन जाऊन आले. मास्टर बेडरूमची मोठी भिंत नेमकी बाथरूमची आहे 🤦 म्हणजे वॉर्डरोब दाराकडच्या भिंतीला जाणार, तिथे २४ इंच दिले तर दार पूर्ण उघडत नाही. @रंधा दादा काय करू?

रंधा:
दाराची बिजागरी दुसऱ्या बाजूला घ्या, चौकट तीच राहते, अर्ध्या दिवसाचं काम. फक्त लाइटचं बटण दारामागे जाईल, तेवढं वायरिंगवाल्याला आधी सांगा.

दुपारचं_ऊन:
आणि लॉफ्टवर चढायची शिडी कुठे ठेवता सगळे?

झंगाट:
लॉफ्टवर.

टेकडीवाली:
😂 वायरिंगवाला उद्या सकाळी येतोय. मुलांच्या खोलीत फक्त कपाट ठोकतोय, टेबल खाट मोकळं. हॉलचं अजून भांडण चालू आहे, अहोंना टीव्हीची भिंत हवीच आहे.