रुग्णालयात आध्यात्मिक आधार देणारे पद असावे का?

धागालेखिका:
माझे वडील अतिदक्षता विभागात असताना त्यांनी दोनदा गंगाजल मागितले. त्यांना गिळता येत नसल्याने तोंडावाटे काहीही देण्यास मनाई होती आणि ती योग्यच होती. परंतु गंगाजलात भिजवलेला बोळा त्यांच्या ओठांवरून फिरवता येईल, हे आम्हाला कोणीही सुचवले नाही. शेजारच्या खाटेवरील आजोबांची मक्केतील पवित्र झमझमच्या पाण्याची इच्छाही तशीच राहिली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत अशा गरजांसाठी पगारी चॅप्लिन, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारे कर्मचारी असतात, त्यांत हिंदू आणि मुस्लिमही असतात, आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या रुग्णांनाही ते भेटतात. आपल्या सरकारी रुग्णालयांत असे पद निर्माण व्हावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (निवृत्त वकील):
आपल्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले, तरीही मी या मागणीच्या विरोधात आहे. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असे संविधानाचे अनुच्छेद २७ सांगते. पद सर्वधर्मीय ठेवले तरी त्यावर येणारी व्यक्ती कोणत्या तरी एका परंपरेतलीच असेल, आणि खाटेला खिळलेल्या, सर्वस्वी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या माणसाला तिला ‘नको’ म्हणणे किती अवघड जाईल, याचा विचार व्हायला हवा. नातेवाइकांना आत येऊ द्यावे, तेवढे पुरेसे आहे.

प्रतिसाद (परिचारिका, पॅलिएटिव्ह म्हणजे गंभीर आजारात वेदना व त्रास कमी करणारा विभाग):
नातेवाईक पुरेसे असते, तर रात्रपाळीत रुग्ण आमचा हात धरून बोलले नसते. ‘मी कोणाचे काय वाईट केले होते?’ हा प्रश्न मी सर्व धर्मांच्या रुग्णांकडून ऐकला आहे. मॉर्फिनने हाडांतली कळ थांबते, हा प्रश्न थांबत नाही. लंडनला १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठीचे शुश्रूषागृह) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक दुःखाला मिळून ‘समग्र वेदना’ म्हटले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पॅलिएटिव्ह सेवेच्या व्याख्येतही आध्यात्मिक प्रश्नांचा उल्लेख आहे. वांद्र्याच्या, १९८६ मध्ये सुरू झालेल्या शांती आवेदना सदन या हॉस्पिसमध्ये कॅथलिक भगिनी सर्व धर्मांच्या कर्करुग्णांची सेवा करतात. त्यामुळे माणूस एका परंपरेतला आहे, एवढ्यावरून तो उपदेशच करील, असे मानणे मला पटत नाही. धागालेखिकेलाही एक सांगावेसे वाटते, की गंगाजलाची सोय करणे त्यामानाने सोपे असते. त्या प्रश्नाजवळ उत्तर न देता बसून राहणे फार अवघड असते, आणि ते आम्हाला कोणी शिकवलेले नाही.

प्रतिसाद (निवृत्त वकील):
हा मुद्दा मला मान्य आहे. मात्र त्यासाठी नवे पद कशाला हवे? महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांनाच हे प्रशिक्षण द्यावे, दाखल होताना रुग्णाची इच्छा विचारून ती केसपेपरवर नोंदवावी, आणि ‘काहीही नको’ हे उत्तरही तितक्याच आदराने लिहून घ्यावे.

धागालेखिका:
नोंदीची सूचना मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु माझ्या वडिलांनी दुसऱ्यांदा गंगाजल मागितले ते पहाटे तीन वाजता. त्या वेळी समाजसेवा अधीक्षकांचे कार्यालय बंद असते. खाटेपाशी फक्त परिचारिका असते, आणि तिच्याकडे आणखी कितीतरी रुग्ण असतात.