प्राधिकरण आणलं की सोलापूर सुधारतंय होय?

हद्दवाढकर:
काल इथं एकानं लिहिलंय, "गुंठेवारीवाल्यांनी सोलापूरची वाट लावली. पुण्यासारखं प्राधिकरण आणा, मगच शिस्त लागेल." प्राधिकरण म्हणजे शहर आणि आसपासच्या भागाचा विकास आखणारी सरकारी संस्था. गुंठेवारी म्हणजे शेतजमिनीचे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेले प्लॉट, तसलाच आमचा. वाचून डोकं फिरलं, म्हणून एवढं लांबलचक.

१९९२ ला हद्दवाढ झाली. ३३ चौरस किलोमीटरचं शहर १७८ चं झालं. नकाशावर रेघ ओढली, झालं. आमच्या गल्लीत ड्रेनेज अजून यायचंय. वडील यंत्रमागावर कामाला. एनए, म्हणजे रीतसर बिगरशेती केलेला प्लॉट झेपत नव्हता, म्हणून १९९६ ला दीड गुंठा घेतला, तोही सामाईकात, म्हणजे उताऱ्यावर अनेकांची नावं. एजंटनं चुन्याची फक्की मारून दाखवलं, "हा तीस फुटी रस्ता." पहिल्या पावसात फक्की गेली, रस्ताही गेला. आता समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकाला आमच्या पायरीवर चढवावी लागते. यात वाट आम्ही लावली?

जुळे_सोलापूरवाला:
कालची पोस्ट माझीच. रडगाणं नको. मी कर्ज काढून एनए प्लॉट घेतला, तिन्ही बाजूंनी जागा सोडून बांधलं. तुम्ही स्वस्तात घेतलं आणि असली बांधकामं नियमित करणारा २००१ चा गुंठेवारी कायदा आला. २०२१ ला मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं आत घेतली. म्हणजे नियम पाळणारा येडा!

पुण्यात_नोकरीला:
पुण्याचं कौतुक जरा जपून. तिथलं प्राधिकरण, पीएमआरडीए, २०१५ चं, त्याचा प्रारूप विकास आराखडा २०२१ चा, आणि २०२५ ला शासनानं तो रद्दच केला. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते काढायचे आणि उरलेला प्लॉट मालकाला परत द्यायचा, ही टीपी स्कीम (नगररचना योजना) १९६६ च्या नगररचना कायद्यातच आहे. महापालिकेलाही करता येते, त्याला वेगळं प्राधिकरण कशाला?

पूर्वभाग_कट्टा:
ते आराखडे राहू द्या. पाणी कधी येणार ते बोला. उजनी धरणातून शंभरावर किलोमीटर पाइपनं आणायचं आणि काही दिवसांआड सोडायचं! परवा आमच्याकडं पहाटे अडीचला आलं. बॅरल भरेपर्यंत शेजाऱ्यानं मोटार लावली, आमची धार करंगळीएवढी.

जुळे_सोलापूरवाला:
मोटारी तुमच्याच भागात जास्त.

पूर्वभाग_कट्टा:
या की बघायला! आमच्याकडं बॅरल, तुमच्याकडं जमिनीखाली हौद. तेवढ्या दिवसांचं पाणी साठवून वर आम्हाला अक्कल शिकवायलाव काय बे?

जुळे_सोलापूरवाला:
'बे' कुणाला? हौद माझ्या पैशाचा आहे. तोही निम्मा टँकरनं भरतो, पावत्या टाकू का?

पूर्वभाग_कट्टा:
टाका. टँकर परवडतो हेच दिसेल.

पुण्यात_नोकरीला:
धागा प्राधिकरणाचा होता.

पूर्वभाग_कट्टा:
तुम्हाला रोज पाणी येतंय, तुम्ही गप बसा.

जुळे_सोलापूरवाला:
मूळ मुद्दा. हद्दवाढकर, नियमित करायला अर्ज केला का कधी? की नुसत्या पोस्टी?

हद्दवाढकर:
केला. मोजणीला माणूस आला, टेपचं दुसरं टोक मीच धरलं. म्हणाला, रस्त्यासाठी पाच फूट सोडा. त्या पाच फुटांत आमचं न्हाणीघर आहे. आई ७८ वर्षांची, तिला कुठं नेऊ आंघोळीला?

जुळे_सोलापूरवाला:
आईंचं समजतं. पण रस्ता तुम्हालाच हवाय ना?

हद्दवाढकर:
समोरचा सोडू दे, मग मी सोडतो.

जुळे_सोलापूरवाला:
तोही हेच म्हणत असणार! म्हणून तर वरून कुणीतरी पाहिजे म्हणतोय.

हद्दवाढकर:
वरचा साहेब काय न्हाणीघर उचलून मागं ठेवणार आहे? बरं, एवढं खरं, की समोरच्याला मी कधी विचारलंच नाही. विचारतो. पाच नाही, अडीच सोडेन. पण 'वाट लावली' हे आधी मागं घ्या.

जुळे_सोलापूरवाला:
'वाट लावायला हातभार लावला' असं करतो. चालेल?