बेळगावातला ॲनिमेशन दिवस : हॉल नंतर, आधी खानापूर

प्रेषक : टिळकवाडीकर, मुक्काम न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,
यंदा दिवाळीच्या सुट्टीला जोडून आम्ही काहीजण बेळगावला असू. २८ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिवस. १८९२ साली त्या तारखेला एमिल रेनोनं पॅरिसमध्ये स्वतः रंगवलेली हलती चित्रं पडद्यावर दाखवली होती. त्या निमित्तानं मंडळानं गावाकडच्या पोरांसाठी काही करावं असं मनात आहे. सकाळी किल्ल्यात कमलबस्ती या जुन्या जैन मंदिरापाशी स्केचिंग, मग मोठा हॉल घेऊन दिवसभर सिनेमे आणि मुंबई-पुण्याचा एखादा पाहुणा. खर्चाचं इथून बघू. सूचना कळवा.

प्रेषक : खानापूरचे ड्रॉइंग मास्तर (निवृत्त)

कल्पना झकास. पाहुणा मात्र नको. पाहुणा आला की शाल-श्रीफळ आलं, दोन प्रास्ताविकं आली, आणि पोरं मागच्या रांगेत जांभया देत बसली. शिवाय चित्रकलेचे शिक्षक के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली तयार होऊन चित्रकार रवी परांजपे याच गावातून बाहेर पडले. आपल्याला बाहेरून चित्रकला मागवायची वेळ अजून आलेली नाही!

कमलबस्ती १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. छतातलं ते लोंबतं कमळ मान दुखेपर्यंत बघत राहावं असंच आहे. पण ते हलत नाही. ॲनिमेशन शिकवायचं तर पोरांना हलणाऱ्या गोष्टीपुढं बसवा.

आमच्याकडं खानापुरात कुंभाराचं चाक आहे. गोळा चाकावर टाकला की आधी डगमगतो. दोन्ही तळव्यांत दाबून त्याला मध्यावर आणतात, मग अंगठा आत जातो आणि कड वर चढायला लागते. चाक गरगर फिरत असतं, पण भांडं जागच्या जागी उभं दिसतं. बदलते ती फक्त बोटांची ठेवण आणि कडेची रेघ. तेवढंच काढायचं. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तर १२ चित्रं पुरतात. २० पोरांनी तीन-तीन काढली की ६० चित्रं, म्हणजे पाच सेकंदांत भांडं तयार.

लाइटबॉक्स, म्हणजे खालचं चित्र वरच्या कागदातून दिसावं म्हणून असते ती उजेडाची पेटी, विकत घेऊ नका. दोन विटांवर फोटोफ्रेमची काच ठेवायची, खाली मोबाइलचा टॉर्च. काचेच्या कडेला दोन खुंट्या चिकटवा, आणि प्रत्येक कागद एकाच पंचिंग मशीननं भोकं पाडून त्यावर बसवा. कागद जरा सरकला तरी पडद्यावरचं भांडं हिवताप आल्यासारखं थरथरतं.

प्रेषक : वडगावची काकू

मास्तर, पटलं. सिनेमे मात्र बिनसंवादाचे निवडा. आमच्या गल्लीतली अर्धी पोरं कन्नड शाळेत, अर्धी मराठी. संवाद कुठल्याही भाषेतले लावा, निम्मा हॉल चुळबुळ करणार. शिवाय पत्रिकेवर कुठली भाषा वर छापायची इथून जो वाद सुरू होतो, तो कुठं जाऊन थांबेल ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पत्रिकेवर नुसतं चित्र छापा की!

आणि गल्लीतली जी पोरं शिवजयंतीच्या चित्ररथावर देखावे करतात, त्यांना पोझ द्यायला बोलवू. तलवार पुढं यायच्या आधी खांदा मागं जातो, वजन मागच्या पायावर येतं. ते मागं जाणं काढलं नाही तर वारात जोरच येत नाही. कुंडा, आपली बेळगावची मिठाई, मी आणते, पण कागद आवरल्यावरच डबा उघडणार. तुपाचे हात चित्रांना नकोत.

प्रेषक : टिळकवाडीकर

काकू, मास्तर, मान्य. पाहुणा रद्द, मोठा हॉलही रद्द. शाळेचा वर्ग आणि पांढरी चादर बास. लघुपट नेटवरून उतरवून लावायचे नाहीत. ज्यांनी बनवलेत त्यांना मी परवानगीसाठी लिहितो. विद्यार्थ्यांचे लघुपट मागितले तर सहसा मिळतात. कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि चामड्याच्या बाहुल्या आहेत. तेही त्याच दिवशी उरकता येईल का?

प्रेषक : खानापूरचे ड्रॉइंग मास्तर

उरकायचं म्हणून पिंगुळीला जाऊ नये. आंबोलीच्या घाटात निम्म्या पोरांना गाडी लागेल, आणि बाहुल्यांचा खेळ अंधारात, दिव्यापुढं बघायचा असतो. ती ट्रिप वेगळी, मुक्कामाची काढू.

कुंभाराशी बोललो. सकाळी चाक मोकळं देतो म्हणाला. त्याला दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची. “पोरांसाठीच आहे हो” म्हणत त्याला फुकटात बसवायचं नाही. ती रक्कम मंडळानं आधी पाठवावी, बाकीचा हिशेब मागाहून.