‘शेपटीचा बेडूक’ : शब्द बरोबर आहे का?

प्रश्न : उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत राहणाऱ्या ॲस्कॅफिडी कुलातल्या बेडकांना (इंग्रजीत ‘टेल्ड फ्रॉग’, कारण नराच्या मागे शेपटीसारखं काही दिसतं) मराठीत काय म्हणावं? ‘सपुच्छ बेडूक’ चालेल? आणि ते राहतात कुठे, झऱ्यात, ओहोळात की ओढ्यात?

उत्तर : ‘सपुच्छ’ नको. उभयचरांत तो शब्द सॅलॅमँडरांच्या (पालीसारखे दिसणारे, शेपटीचे उभयचर) गणाला लागतो. बेडकांच्या गणाचं नावच ‘ॲन्यूरा’, म्हणजे बिनशेपटीचे.

मुळात ती शेपटी नाहीच. सॅलॅमँडरसारख्या खऱ्या शेपटीत मणके असतात. इथे दिसतं ते नराच्या अवस्कराचं (मल, मूत्र आणि शुक्राणू यांची एकच वाट) बाहेर आलेलं मांसल, बोथट टोक. जोरकस प्रवाहात शुक्राणू वाहून जातील, म्हणून नर हे टोक मादीच्या शरीरात घालतो आणि फलन आतच होतं. मादीला ते नसतं. म्हणून मला ‘शेपट्या बेडूक’ पटतं. टकल्या, ढेरपोट्या यांसारखंच हे रूप आहे, आणि त्यातून नराचाच बोध होतो.

शंका : पण बेडूकमाशालाही शेपटी असते. वाचकाला वाटेल, तीच उरली.

उत्तर : रास्त शंका. बेडूकमाशाची शेपटी रूपांतरात जिरून जाते, हे टोक वेगळं. पहिल्या उल्लेखातच तसा खुलासा करा.

जागेसाठी ‘डोंगरी ओढा’ लिहा. झरा म्हणजे पाणी फुटतं ती जागा, ओहोळ बहुधा हंगामी. या बेडूकमाशाला बेडूक व्हायला 1 ते 4 वर्षं लागतात, तेव्हा आटणारं पाणी कामाचं नाही. तोंडाभोवतीच्या मोठ्या चूषकाने तो दगडाला घट्ट धरतो आणि त्यावरचं शेवाळ खरवडून खातो. काठची झाडं तोडली की पाणी तापतं, गाळ येतो, दगडांमधल्या फटी बुजतात आणि त्याला धरायला जागाच उरत नाही. अंडीही थंड पाण्यातच वाढतात, साधारण 5 ते 18 अंश सेल्सियसला.

पुरवणी : ‘ॲस्कॅफस’ ही प्रजाती (जीनस), तिच्या जाती (स्पीशीज) दोन. ट्रूई किनाऱ्याकडच्या डोंगरांतली, 1899 साली नोंदलेली. मोंटेनस रॉकी पर्वताकडची, 2001 साली वेगळी जाती ठरलेली. दोन्हींना ‘प्रजाती’ म्हणू नका, ही चूक सर्रास होते. ‘ॲस्कॅफस’चा अर्थ ‘बिनफावड्याचा’, कारण माती उकरायला लागणारा फावड्यासारखा उंचवटा याच्या मागच्या पायाला नसतो.

आणखी एक : वर्णनात ‘डराव डराव’ घालू नका. या बेडकांना कानाचा पडदा नाही आणि ते साद घालत नाहीत.