सुपरनॅचरल, ‘डेड मॅन्स ब्लड’ : मेलेल्याच्या रक्ताचा सापळा पटतो का?

घुबडराव
(रसभंगाची सूचना. भाग बघितला नसेल तर इथूनच परत फिरा.)

‘सुपरनॅचरल’ या राक्षसांची शिकार करणाऱ्या भावांच्या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या सीझनचा विसावा भाग पुन्हा बघितला. कोठारात झोळ्यांमध्ये व्हॅम्पायर झोपलेत, त्यांच्यामधून सॅम आणि डीन हे दोघे भाऊ पाय न वाजवता चाललेत, सॅम बांधलेल्या मुलीला सोडवायला जातो आणि ती आधीच त्यांच्यातली झालेली असते! तो प्रसंग निव्वळ कमाल. पण तीन ठिकाणी अडलो.

१. ऊन लागलं तरी हे मरत कसे नाहीत?
२. मेलेल्या माणसाचं रक्त व्हॅम्पायरला विषासारखं, म्हणून बाणाला लावायला डीन अंत्यविधीगृहातून ते बाटलीभर आणतो. ते गोठलेलं नसेल का? बाणाला लागेल कसं?
३. म्हाताऱ्या शिकारी एल्किन्सकडे व्हॅम्पायरलाही मारणारी कोल्ट ही बंदूक होती, तरी तो ऐनवेळी गोळ्या भरत का बसला?

अर्धीमेणबत्ती
१ चं उत्तर सोपं आहे. सॅम-डीनचा बाप जॉन सुरुवातीलाच सांगून टाकतो की क्रूस, ऊन, छातीत खुंटी यातलं काहीच चालत नाही, मुंडकं उडवायचं. आणि उन्हाने राख होणं ही तशी अलीकडचीच भर, १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या मूकपटापासून रूढ झालेली. १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला भरदिवसा लंडनमध्ये हिंडतो, फक्त त्याची ताकद घटलेली असते. त्यामुळे मालिकेने नियम मोडला असं म्हणणाऱ्यांना माझा पास.

शवागार_नाईटशिफ्ट
२ वर जरा सविस्तर, कारण गोम तिथेच आहे.

गोठण्याची काळजी वाटते तितकी नाही. अचानक मृत्यू आला असेल तर रक्त आधी गोठतं आणि मग त्याच्या गुठळ्या शरीरातच विरघळतात, ते पुन्हा पातळ होतं. याच गुणावर १९३० साली मॉस्कोत सर्गेई युदिन या शल्यविशारदाने मृतदेहातलं रक्त जिवंत रुग्णाला दिलं होतं. दीर्घ आजाराने गेलेल्याच्या हृदयात मात्र घट्ट गुठळ्या सापडतात, तिथे सुई घालून हाती काही लागत नाही.

दुसरी अडचण जागेची. हृदय थांबल्यावर रक्त खालच्या बाजूला उतरतं, हाताच्या शिरा रिकाम्या पडतात. म्हणून न्यायवैद्यक तपासणीत नमुना जांघेतल्या शिरेतून घेतात.

आणि खरा घोटाळा अंत्यविधीगृहाचा. तिथे एम्बामिंग (देह टिकवण्याची प्रक्रिया) करताना मानेच्या धमनीतून फॉर्मॅल्डिहाइडचं द्रावण आत सोडतात आणि शेजारच्या शिरेतून रक्त बाहेर काढतात. बाहेर येतं ते द्रावण मिसळलेलं. म्हणजे डीनला एम्बामिंग न झालेला देह गाठावा लागणार, नाहीतर बाण लागलेली व्हॅम्पायर केट नक्की कशाने कोसळली ते कळायचं नाही! :ड

बाणाबद्दल : गुळगुळीत पात्यावर पातळ रक्ताची जेमतेम एक पापुद्र्याइतकी साय राहते, तीही कपड्यातून जाताना पुसली जाते. पात्यामागे दोरा गुंडाळून तो भिजवला असता तर जास्त आत पोचलं असतं.

घुबडराव
दोऱ्याची युक्ती झकास. आणि व्हॅम्पायरांना आपला वास लागू नये म्हणून केलेली ती धुरी? केशर, स्कंक कॅबेज, ट्रिलियम?

शवागार_नाईटशिफ्ट
ते लेखकांनी छान जमवलंय. स्कंक कॅबेजला कुजका दर्प असतो आणि तांबड्या ट्रिलियमच्या फुलाला सडक्या मांसाचा. माशा बोलवायला, परागीभवनासाठी. तेव्हा जिवंत माणसाचा वास झाकायला निवड चोख. केशर बहुधा ऐट म्हणून.

पाचगोळ्या
३ : मालिकेतली कोल्ट दिसायला पॅटरसन, म्हणजे कोल्टच्या सुरुवातीच्या रिव्हॉल्व्हरसारखी आहे. ट्रिगर गार्ड नाही, घोडा ओढला की चाप खालून बाहेर येतो. खऱ्या पॅटरसनमध्ये पाच खाने. प्रत्येकात दारू मोजून ओतायची, वर गोळी दाबायची, मागे टोपी बसवायची, आणि १८३९ च्या आधीच्या नमुन्यांत दट्ट्याच नसल्यामुळे त्यासाठी नळी उतरवायची. मालिकेने हा खटाटोप गाळलाय. भरून ठेवली नव्हती कारण गोळ्याच मुळात तेरा बनवलेल्या, त्यातल्या बऱ्याच आधीच उडालेल्या. तरीही दारावर व्हॅम्पायर येण्याची शक्यता असलेल्या माणसाने एक तरी भरून ठेवायला हवी होती, हे मान्य.

चूक शोधायचीच तर इथे शोधा : ही बंदूक कधी बनली ते सांगताना जॉन म्हणतो, १८३५, डोक्यावर हॅलेचा धूमकेतू, आणि त्याच रात्री टेक्सासच्या अलामो किल्ल्यातल्या लढाईत माणसं मेली. धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ आला १६ नोव्हेंबर १८३५ ला. अलामो पडलं ६ मार्च १८३६ ला.

अर्धीमेणबत्ती
हे इतक्या वेळा बघून कधी खटकलं नव्हतं. आता दर वेळी खटकणार, धन्यवाद (!)