'सॅलरी' खरंच मिठावरून आली का?

प्रश्न : रोमन सैनिकांना पगाराच्या जागी मीठ मिळायचं, त्यावरून 'सॅलरी' शब्द आला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे कितपत खरं?

उत्तर : शब्दाचं मिठाशी नातं आहे, पण सैनिकांच्या गोष्टीला आधार नाही. लॅटिनमध्ये 'साल' म्हणजे मीठ, आणि 'सालारियुम' म्हणजे ठरावीक भत्ता किंवा मानधन. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत 'सॅलरी' झाला. पहिल्या शतकातला लेखक प्लिनी हा शब्द मिठावरून पडल्याचं सांगतो, लष्करी सेवेचा उल्लेखही करतो, पण अगदी ओझरता. सैनिकांना मीठ वाटत, असं तो कुठेच म्हणत नाही. 'मीठ घ्यायला दिलेले पैसे' हा अर्थ पुढच्या कोशकारांनी तर्काने लावला आहे.

सैनिकांचा पगार रोख नाण्यांत असे. रोमन बादशहा ऑगस्टसच्या काळात पायदळातल्या शिपायाला वर्षाला २२५ देनारियुस, म्हणजे चांदीची नाणी, मिळत. त्या पगाराला 'स्टिपेंडियुम' म्हणत. आजचा 'स्टायपेंड' तिथूनच आला. त्यातला 'पेंड' हा भाग तोलणे या अर्थाच्या क्रियापदाचा आहे, कारण जुन्या काळी धातू वजन करून देत.

मिठाची गोष्ट आपल्याकडे इतकी पटकन का पटते, तर 'खाल्ल्या मिठाला जागणे' आपल्या जिभेवर असतं म्हणून. पण त्या वाक्प्रचारात अन्नदात्याचे उपकार आहेत, महिन्याचा मोबदला नाही. दोन्ही एकत्र करू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

प्रश्न : मग 'सोल्जर'सुद्धा मिठावरूनच ना?

उत्तर : नाही. तो 'सोलिडुस' या सोन्याच्या नाण्यावरून आला. कॉन्स्टंटाइन बादशहाने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ते पाडलं. सोल्जर म्हणजे पैसे घेऊन लढणारा. मिठाची खरी लेकरं हवी असतील तर सॅलड, सॉस आणि सॉसेज बघा.

प्रश्न : आणि आपला 'पगार'?

उत्तर : तो पोर्तुगीज. त्या भाषेत 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. हे क्रियापद लॅटिन 'पाकारे'वरून आलं. त्याचा अर्थ शांत करणे. देणेकऱ्याने पैसे दिले की सावकार शांत होतो, त्यातून अर्थ सरकला. हेच 'पाकारे' फ्रेंचमधून इंग्रजीत गेलं आणि 'पे' झालं. म्हणजे 'पे' आणि 'पगार' एकाच आजीची नातवंडं: एक फ्रान्समार्गे लंडनला गेलं, दुसरं पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागलं. सॅलरीच्या मिठापेक्षा हे नातं मला कितीतरी जवळचं वाटतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही याचं वाईट वाटतं.