प्रतिसाद: हब मोटर बसवल्यावर गियर उड्या मारतायत

दादा, सायकलच्या चाकात बसवलेली तुमची हब मोटर ठीक आहे, वायरिंगला हात लावू नका. तुम्ही लिहिलंय की आधी मागच्या चाकावर ९ गियरची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) होती आणि मोटरच्या किटबरोबर ७ गियरचं चुडीवालं फ्रीव्हील (हबवर आट्यांनी फिरवून बसणारा चकत्यांचा संच) आलं, शिफ्टर (हँडलवरचा गियर बदलायचा खटका) मात्र जुनाच ठेवलाय, तर गडबड तिथेच आहे. ९ स्पीडचा शिफ्टर एका क्लिकला डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) साधारण ४.३५ मिमी सरकवतो आणि ७ स्पीडच्या चकत्यांमधलं अंतर ५ मिमी, म्हणजे प्रत्येक गियरला थोडं थोडं कमी पडत शेवटी जवळजवळ चार मिमीचा फरक होतो, मग चेन मधल्या गियरात कडकड करणारच! केबल कितीही ताणा, एक गियर जमेल आणि दुसरा बिघडेल. ७ स्पीडचा शिफ्टर घ्या, शिमानोचा मागचा डिरेलर असेल तर तोच चालतो, चेनही चालेल.

मी इथे इंदुरात माझ्या २६ इंची सायकलला किट लावलं तेव्हा मिस्त्रीने वॉशर न घालता चाक आवळलं, वरच्या गियरला चेन फ्रेमला घासायची, रंग खरवडून खाली लोखंड दिसायला लागलं होतं. फ्रीव्हीलच्या बाजूला ॲक्सलवर (चाकाच्या दांड्यावर) एक पातळ वॉशर घातला की थांबलं. पण वॉशर घातल्यावर नटला पुरेशा चुड्या उरतात का ते बघाच, आणि टॉर्क आर्म (ॲक्सल फिरू नये म्हणून फ्रेमला धरून ठेवणारी पट्टी) लावल्याशिवाय चालवू नका, ॲक्सल फिरला तर मोटरची वायर तुटते.

अजून एक, सगळ्यात छोटी चकती १४ दात्यांची असेल तर ताशी ३० किमीच्या पुढे पाय नुसते भिरभिरतात, ११ दात्यांचं फ्रीव्हील मिळालं तर तेच घ्या.